सही करणाऱ्याला शब्द कळले पाहिजेत

मुंबईत इमारत बांधायची परवानगी ज्या कागदापासून सुरू होते, त्याला सगळे 'आयओडी' म्हणतात. अक्षरं सुटी केली तर 'इंटिमेशन ऑफ डिसअप्रूव्हल', म्हणजे नामंजुरी कळवणारं पत्र. १८८८च्या मुंबई महानगरपालिका कायद्याच्या कलम ३४६ मधून ही पद्धत आली. पालिका आधी नकाशा नामंजूर असल्याचं कळवते, खाली अटींची यादी देते आणि अटी पूर्ण होतील तशी पुढची वाट मोकळी करते. बांधकामाच्या धंद्यातल्या माणसाला यात काही वावगं वाटत नाही. त्याला क्रम पाठ असतो. पण चाळीत 'आयओडी आली' म्हणून पेढे वाटतात तेव्हा बहुतेकांना वाटतं, झालं, उद्यापासून काम सुरू. मग भाड्याच्या खोल्या शोधायला सुरुवात होते. अजून 'सीसी', म्हणजे काम सुरू करायचा दाखला, यायचा असतो. तोही पुष्कळदा आधी जोत्यापुरताच मिळतो. सगळ्यात शेवटी 'ओसी', भोगवटा प्रमाणपत्र. दोन-तीन अक्षरांची ही नावं सभेत एका दमात उच्चारली जातात. प्रत्यक्षात त्यांच्यामध्ये वर्षं जातात, आणि ती वर्षं काही म्हाताऱ्या माणसांची शेवटची असतात.

प्रत्येक धंद्याची आपली बोली असते आणि ती असायलाच हवी. शस्त्रक्रिया चालू असताना डॉक्टरांनी परिचारिकेशी संपूर्ण वाक्यांत बोलावं अशी अपेक्षा कोणी करणार नाही. माझा आक्षेप त्यापुढच्या टप्प्याला आहे. धंद्याच्या आतली बोली टेबल ओलांडून बाहेरच्या माणसापर्यंत येते, आणि तिच्या आधारावर त्याची सही घेतली जाते, तेव्हा अर्थ सांगायची जबाबदारी कोणाची? आज आपण ती सही करणाऱ्यावर टाकली आहे. 'तुम्ही वाचून घ्यायला हवं होतं' हे वाक्य त्यासाठी तयारच असतं. मला वाटतं ही जबाबदारी सही घेणाऱ्याची आहे, आणि ती सौजन्य म्हणून सोडून न देता नियमानं त्याच्यावर बांधली पाहिजे.

मराठीची काळजी करणारी पुष्कळ माणसं मला भेटतात. त्यांचा सगळा राग रस्त्यावरच्या बोलीवर निघतो. मुलगा 'लोचा झाला' म्हणाला की घरात शांतता पसरते. 'झोल', 'राडा', 'कल्टी', 'डोक्याला शॉट', या शब्दांनी भाषा बिघडली असं त्यांचं ठाम मत. मला ते पटत नाही. या बोलीनं आजवर कोणाला अडाणी ठरवलेलं नाही. गावाहून आलेला पोरगा आठवड्याभरात 'कटिंग' मागायला शिकतो. 'फोर्थ सीट' म्हणजे तिघांच्या बाकावर चौथ्यानं कडेला टेकायची जागा, हे त्याला लोकलचा पहिला प्रवासच शिकवतो. बसायला मिळावं म्हणून आधी उलट्या दिशेनं जाऊन त्याच गाडीनं 'रिटर्न' यायचं, हे ठाणे-डोंबिवलीकडची माणसं नव्या शेजाऱ्याला आपणहून सांगतात. 'म्हणजे काय रे?' विचारायला लाज वाटत नाही, आणि विचारलं तर समोरचा खुशीत सांगतो.

'मेगाब्लॉक'चंच बघा. 'ब्लॉक' हा रेल्वेच्या कामकाजातला शुद्ध तांत्रिक शब्द: रुळांच्या, तारांच्या कामासाठी मार्गाचा एखादा पट्टा ठरावीक वेळ बंद ठेवणं. पण मुंबईत भाजी विकणाऱ्या मावशींनाही तो कळतो, कारण रविवारच्या ब्लॉकबद्दल कोणत्या मार्गावर, कुठून कुठपर्यंत, किती ते किती वाजता हे आधी जाहीर होतं. शब्द तांत्रिकच राहिला, फक्त त्याच्यासोबत माणसाच्या उपयोगाची माहिती आली. सातबाराचंही तसंच. गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा या महसूल खात्याच्या फॉर्मांच्या आकड्यांवरून पडलेलं ते नाव. अर्थाच्या दृष्टीनं त्यात काहीच नाही. तरी शेतकऱ्याला त्यातला रकाना न् रकाना कळतो. पिढ्यान् पिढ्या तो कागद त्याच्या हातात आहे. म्हणून 'लोकांना तांत्रिक शब्द झेपत नाहीत' हे कोणी म्हणालं की मला पटत नाही. लोकांना शब्द झेपतात. त्यांच्यापर्यंत अर्थ पोचू दिला जात नाही.

रस्त्याची बोली अगदी निष्पाप आहे असंही मी म्हणणार नाही. 'चहापाणी', 'हप्ता', 'सेटिंग', 'मांडवली' हे शब्द लाच आणि खंडणी सुसह्य करतात. 'पेटी' म्हणजे लाख आणि 'खोका' म्हणजे कोटी, हे गुन्हेगारीच्या जगातलं मोजमाप तर ऑगस्ट २०२२ मध्ये विधानभवनाच्या पायऱ्यांवरच्या घोषणेत पोचलं आणि राज्यभर सगळ्यांना पाठ झालं. पण या प्रकारातला मुंबईचा सगळ्यात खोल रुजलेला शब्द म्हणजे 'पागडी', भाड्याची खोली देताना भाड्याशिवाय वर घेतलेली ठोक रक्कम. भाडं गोठवणाऱ्या १९४७च्या कायद्यानं अशी रक्कम घेणं गुन्हा ठरवला होता. तरी गिरगाव, दादर, लालबागमधली खोलीन् खोली पागडीवरच हातोहात गेली. रक्कम रोख, पावती फक्त भाड्याची. १९९९च्या भाडे नियंत्रण कायद्यानं, जो ३१ मार्च २००० पासून लागू झाला, पागडी घ्यायला मुभा दिली. पण आधीच्या पन्नास वर्षांत ज्यांनी दागिने मोडून पागडी भरली, त्यांच्याकडे दाखवायला कागद नाही. जो शब्द सगळ्यांना माहीत होता तो कागदावर कधी आलाच नाही. आज त्याच खोल्यांच्या पुनर्विकासात कागदावर असे शब्द येतात जे खोलीतल्या कोणालाच माहीत नाहीत. दोन्ही वेळा नुकसान त्याच कुटुंबाचं.

पुनर्विकासाबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण मुंबईतल्या मराठी माणसाच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा आर्थिक व्यवहार आता हाच आहे. नातेवाइकांच्या सोसायट्यांच्या सभांना मी अनेकदा बसले आहे. मुलुंडच्या एका विशेष सर्वसाधारण सभेत विकासकाचा माणूस पडद्यावर तक्ते दाखवत होता: एक्झिस्टिंग कार्पेट, त्यावर पस्तीस टक्के फंजिबल, वर कॉर्पस, हार्डशिप, सेल विंगवर टीडीआर लोड करणार, ओसीपर्यंत भाडं. (हार्डशिप म्हणजे गैरसोयीची भरपाई, टीडीआर म्हणजे दुसऱ्या जागेवरून आणलेला बांधकामाचा हक्क.) पहिल्या रांगेतल्या एका काकूंनी विचारलं, "अहो, ते कॉर्पस आमच्या हातात मिळणार की सोसायटीकडे राहणार?"

प्रश्न नेमका होता. कॉर्पस ही विकासकानं द्यायची ठोक रक्कम. काही ठिकाणी ती सभासदाच्या खात्यात जाते, काही ठिकाणी सोसायटीच्या नावे ठेवीत राहते आणि तिच्या व्याजातून नव्या इमारतीचा वाढलेला मेंटेनन्स भागवायचा असतो. निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या बाईसाठी या दोन अर्थांत फार मोठा फरक आहे. उत्तर मिळालं, "काकू, ते सगळं डीएमध्ये क्लिअर असेल." डीए म्हणजे विकास करारनामा. तो त्या संध्याकाळी सभागृहात कोणाच्याच हातात नव्हता. काकू खाली बसल्या. थोड्या वेळानं हात वर करायला सांगितलं गेलं आणि त्यांनीही केला.

आता त्या तक्त्यातला 'फंजिबल' घ्या. हा शब्द कळणं आणि न कळणं यात घराचा आकार बदलतो. मुंबईच्या २०३४च्या विकास नियंत्रण आणि प्रोत्साहन नियमावलीत मूळ एफएसआयच्या वर, राहत्या इमारतींना पस्तीस टक्क्यांपर्यंत जास्तीचं भरपाई क्षेत्र मिळतं, तेच हे फंजिबल. एफएसआय म्हणजे भूखंडाच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधता येईल तो आकडा. वरचं पस्तीस टक्के क्षेत्र विक्रीच्या घरांसाठी हवं असेल तर विकासकाला अधिमूल्य, म्हणजे जादा शुल्क, भरावं लागतं. मात्र जुन्या रहिवाशांच्या पुनर्वसनाच्या घरांवरचं हे क्षेत्र अधिमूल्याशिवाय मिळतं आणि ते पुनर्वसनाच्या घरांसाठीच वापरायचं असतं. आता 'आम्ही तुम्हाला पस्तीस टक्के जास्त देतो' हे वाक्य पुन्हा ऐका. अर्थ माहीत नसलेला सभासद याला औदार्य समजून आभार मानतो. माहीत असलेला म्हणतो, 'ते नियमानं आमच्या घरांसाठीच आहे, त्याच्यावर तुम्ही काय देता ते बोला.' दोघांची खोली एकाच मजल्यावर, बुद्धी सारखीच. बोलणी मात्र पूर्ण वेगळ्या जागेवरून सुरू होतात.

'कार्पेट'ची गोष्ट याहून बारीक. पूर्वी 'बिल्टअप', 'सुपर बिल्टअप' असे शब्द चालत, ज्यात जिना, लिफ्ट, व्हरांडा यांचा वाटाही घराच्या क्षेत्रफळात मिसळून सांगत. २०१६च्या स्थावर संपदा कायद्यानं, म्हणजे रेरानं, कार्पेटची एकच व्याख्या केली. चांगलं झालं. पण त्या व्याख्येत घरातल्या आतल्या भिंतींखालची जागा धरली जाते, बाहेरच्या भिंती आणि बाल्कनी धरत नाहीत. जुन्या पद्धतीत भिंती वगळून वापरायची फरशी मोजत. त्यामुळे दलालांच्या तोंडी आता 'मोफा कार्पेट' (मोफा म्हणजे रेराच्या आधीचा सदनिकांचा कायदा) आणि 'रेरा कार्पेट' अशा दोन जाती आल्या आहेत, आणि साडेचारशे चौरस फूट म्हणताना कुठली जात बोलतोय हे सांगायची तसदी सगळेच घेतात असं नाही. जुनी खोली एका मापानं मोजायची आणि नवी दुसऱ्या मापानं, असं झालं तर वाढीचा काही भाग भिंतींच्या जाडीत जातो. छोट्या घरात कपाट कुठं बसणार, आजोबांची खाट कुठं लावायची, हे त्याच इंचांवर ठरतं.

ओसीचा अर्थ न कळल्याची किंमत शहरानं एकदा उघड्या डोळ्यांनी पाहिली आहे. वरळीच्या कॅम्पा कोला संकुलात मंजुरीपेक्षा जास्त मजले चढवले गेले होते, आणि भोगवटा प्रमाणपत्राशिवाय माणसं तिथं वर्षानुवर्षं राहिली. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते मजले बेकायदा ठरवले. तिथले रहिवासी शिकलेले, कमावते होते. तेव्हा हा प्रश्न फक्त चाळीतल्या, कमी शिकलेल्या माणसांचा आहे असा समज कोणी करून घेऊ नये.

इथं मराठीचे कैवारी म्हणतात, हे सगळं मराठीत आणा, प्रश्न मिटेल. मराठीत आणाच. मी त्या मागणीच्या बाजूनं आहे. १९६४चा राजभाषा अधिनियम आहे, स्थानिक प्राधिकरणांसाठी २०२२चा कायदा आहे, तेव्हा पालिकेचा कागद मराठीतच हवा. पण मराठीत आणणं आणि समजावणं ही दोन वेगळी कामं आहेत. 'डीम्ड कन्व्हेयन्स'ला शासनाचा शब्द आहे 'मानीव अभिहस्तांतरण'. माझ्या ओळखीच्या मराठीच्या शिक्षिकेला तो तीनदा वाचावा लागला. त्याचा अर्थ एका वाक्यात सांगता येतो: बिल्डरनं जमीन आणि इमारत सोसायटीच्या नावे करून दिली नाही, तर सक्षम अधिकारी चौकशी करून ती नावावर करण्याचं प्रमाणपत्र देतो. हे वाक्य सहकार खात्याच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत असतं तर कितीतरी सोसायट्या वेळेवर जाग्या झाल्या असत्या. उलट 'भोगवटा' हा शब्द बघा. जुना, महसुलातला, पण कानाला ओळखीचा. त्यावरून माणूस निदान अंदाज तरी बांधतो. भाषा संचालनालयानं १९६० पासून परिभाषेचं मोठं काम केलं, त्या कष्टांबद्दल मला आदर आहे. पण ते बहुतांशी कार्यालयाच्या आत वापरायच्या शब्दांचं काम होतं. खिडकीच्या बाहेर उभ्या असलेल्या माणसासाठी तेवढ्याच निष्ठेनं काम व्हायचं राहिलं आहे.

वकिलांचा आक्षेप मला महत्त्वाचा वाटतो. ते म्हणतात, कायद्याचा शब्द सोपा केला की अर्थ सैल होतो आणि उद्या कोर्टात तोच सैलपणा अंगाशी येतो. खरं आहे. म्हणून करारातला शब्द बदलू नकाच. तो राहू द्या आणि करारासोबत अर्थपत्रक जोडा: हा शब्द, त्याचा अर्थ, आणि तुमच्या खोलीच्या बाबतीत त्याचा आकडा. पत्रक आणि करार यांत तफावत निघाली तर सभासदाच्या बाजूनं लागणारा अर्थ धरावा. मसुदा ज्यानं केला त्याच्यावर संदिग्धतेचा भार पडावा, हे तत्त्व न्यायालयं विम्याच्या दाव्यांत पूर्वीपासून लावत आली आहेत.

आणि यात अभूतपूर्व असं काही नाही. अंगठा उठवणाऱ्या माणसाच्या प्रतिज्ञापत्रावर 'मजकूर वाचून दाखवला, समजावून सांगितला' अशी नोंद करायची रीत आपल्याकडे जुनी आहे. अक्षर न येणाऱ्याला अर्थ सांगण्याचा भार दुसऱ्या बाजूवर, हे आपण मान्य केलंच आहे. 'फंजिबल' आणि 'हार्डशिप'समोर बसलेला पदवीधर त्याच जागी असतो. त्याला फक्त सही करता येते. रिझर्व्ह बँकेनं एप्रिल २०२४ मध्ये हे ओळखलं. किरकोळ कर्ज देताना एक मुख्य तथ्य विवरणपत्र द्यायचं, ते कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत लिहायचं, समजावून सांगायचं आणि समजल्याची पोच घ्यायची, असा नियम केला. त्या वर्षीच्या ऑक्टोबरपासूनच्या नव्या कर्जांना तो लागू आहे. विमा नियामकानंही १ जानेवारी २०२४ पासून आरोग्य विम्यासोबत सोप्या शब्दांतलं ग्राहक माहितीपत्रक द्यायला लावलं. त्याची गरज किती होती हे 'प्रपोर्शनेट डिडक्शन' भोगलेल्या माणसाला विचारा. पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा दिवसाला पाच हजार असेल आणि रुग्णाला आठ हजारांच्या खोलीत ठेवलं, तर फक्त वरचे तीन हजार जात नाहीत; पॉलिसीत हे कलम असलं की डॉक्टरांची फी, शस्त्रक्रियागृहाचा खर्च असे खोलीशी जोडलेले खर्चही त्याच प्रमाणात कापले जातात, आठ रुपयांमागे पाचच मिळतात. हे दाखल होताना कळलं तर माणूस लहान खोली घेईल. बिल हातात आल्यावर कळून काय उपयोग?

मग काही लाखांच्या कर्जाला जे संरक्षण आहे, ते आयुष्यभराच्या घराला का नाही? हा माझा प्रश्न सहकार खात्याला आणि गृहनिर्माण विभागाला आहे.

आणखी एक गोष्ट मला अस्वस्थ करते. न कळणाऱ्या शब्दापुढे मान डोलवायची सवय आपण लोकांना लावली आहे, आणि ठग तीच सवय वापरतात. 'डिजिटल अरेस्ट' नावाची कुठलीही गोष्ट भारतीय कायद्यात नाही. तरी व्हिडिओ कॉलवर गणवेश घालून कोणी 'मुंबई क्राइम ब्रँच, मनी लाँडरिंग, तुम्ही डिजिटल अरेस्टमध्ये आहात' म्हणतो आणि निवृत्त माणसं दिवसेंदिवस खोलीत बसून ठेवी मोडतात. त्यांना मूर्ख म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. बँकेत, पालिकेत, रुग्णालयात त्यांनी आयुष्यभर असेच शब्द ऐकले, 'म्हणजे काय?' विचारलं की तुसडं उत्तर मिळालं, म्हणून त्यांनी विचारणं सोडलं. हा नवा शब्द त्यांना वेगळा कसा वाटावा? असा फोन आला तर तो ठेवायचा आणि १९३० या क्रमांकावर तक्रार करायची, हे घरातल्या ज्येष्ठांना आजच सांगा.

पुनर्विकासासाठी नियम करायला नवा कायदा लागणार नाही. सहकार कायद्याच्या कलम ७९(अ) खाली पुनर्विकासाचे निर्देश आहेतच. ४ जुलै २०१९ ला ते सुधारले गेले. विकासक निवडायच्या सभेला निबंधक कार्यालयाचा प्राधिकृत अधिकारी असतो, सभेचं चित्रीकरण होतं. त्याच निर्देशांत एक कलम वाढवावं: सभेच्या सूचनेबरोबर प्रत्येक सभासदाला मराठीत अर्थपत्रक मिळालं पाहिजे, आणि मतदानाआधी ते सभेत वाचून दाखवलं गेलं पाहिजे. सध्याची खोली कोणत्या मापानं किती, नवी त्याच मापानं किती. त्यातलं नियमानं मिळणारं क्षेत्र किती, विकासक स्वतःकडून देतो ते किती. कॉर्पस कोणाच्या खात्यात. भाडं कुठल्या दाखल्यापर्यंत, आणि तो दाखला लांबला तर काय. दोन पानांत मावेल इतकंच हे आहे.

शासनाचा आदेश येईपर्यंत थांबायचीही गरज नाही. तुमच्या सोसायटीत पुनर्विकासाची सभा लागली असेल तर सचिवांना आजच लेखी पत्र द्या की प्रस्तावातल्या प्रत्येक संक्षेपाचा अर्थ आणि आपल्या सदनिकेचा आकडा सभेपूर्वी मिळावा, आणि पत्राच्या प्रतीवर पोच घ्या. एकट्यानं देऊ नका. मजल्यावरच्या सगळ्यांच्या सह्या घ्या, विशेषतः ज्या काकू सभेत कधी बोलत नाहीत त्यांची. सभेत उत्तर 'डीएमध्ये असेल' असं आलं, तर डीएचा मसुदा हातात येईपर्यंत हात वर करू नका, आणि तसं इतिवृत्तात लिहून घ्या.